पाळणाघरातल्या मावशीकडे जाते, माझ्याकडे येत नाही

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका आजींचं पत्र आहे. वय ६२. थोरला मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला, नात आता तेरा महिन्यांची. बाळंतपण सुनेच्या माहेरी नाशिकला झालं, त्यामुळे आजींच्या वाट्याला नात सणावारीच आली. गौरी-गणपतीत सहा महिन्यांची होती तेव्हा सगळ्यांच्या कडेवर हसत फिरली. दिवाळीत पहाटे अंगाला तेल लावायला घेतलं तर किंचाळली. संक्रांतीत बोरन्हाण घातलं, तेव्हा तासभर रडून बेजार झाली; जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माणूसघाणी निघाली की गं तुझी नात." मोबाइलवर मात्र हीच नात आजींना पापी देते, टाटा करते, नवा बूट उचलून दाखवते. फेब्रुवारीत आजी एक दिवस पुण्याला गेल्या. नात त्यांच्याकडे आली नाही, आणि संध्याकाळी पाळणाघरातल्या मावशींच्या गळ्यातले हात सोडेना. "परक्या बाईला मिठी मारते आणि सख्ख्या आजीला बघून रडते, हे काळजाला लागलं," असं त्या लिहितात.

आता मे महिन्यात सुनेला ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी पाच दिवस बंगळूरला जायचं आहे, मुलाला रजा दोनच दिवस मिळते. नातीला कोल्हापुरात ठेवायचं घरात ठरत आलंय आणि त्याच आठवड्यात जोतिबाच्या डोंगरावर जावळ उरकायचा बेत आहे. सून का-कू करते. नणंद म्हणते, पोरगी झोपली की रात्रीच गाडी काढा, दोन दिवस रडेल आणि विसरेल. आजी विचारतात: नातीत काही दोष आहे का? सुनेनं तिला पदराला बांधून ठेवल्यामुळे हे झालं का? रात्री निघून जाणं बरोबर का? आणि, "मी तीन पोरं वाढवली, मला पाच दिवस एक पोर सांभाळता येणार नाही का?"

---

वहिनी (मी तुमच्याहून चार वर्षांनी मोठी, त्यामुळे आजी म्हणायला जीभ वळत नाही), शेवटचा प्रश्न आधी घेते. सांभाळता येईल. तीन पोरं ज्या बाईनं वाढवली, तिला भात किती मऊ शिजवायचा आणि कपाळावर हात ठेवून ताप कसा ओळखायचा, हे मी काय सांगणार! पण तुमच्या तिन्ही पोरांनी डोळे उघडले ते तुमच्याच मांडीवर. तुमची ओळख करून घ्यायचं काम त्यांनी कधी केलं, ते तुम्हाला कळलंसुद्धा नाही. नातीला ते काम आता करायचंय. ते आई घरात नसताना, अनोळखी घरातल्या पहिल्या रात्री तिच्यावर टाकायचं का, एवढाच प्रश्न आहे.

"सख्खी" हा शब्द तुमच्या पत्रात सहा वेळा आलाय, मी मोजला. रक्ताला रक्ताची ओढ असते असं आपण धरूनच चालतो. तान्ह्या बाळाला रक्त कुठलं कळायला? त्याला आवाज कळतो, वास कळतो, उचलायची रीत कळते. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या दोघांनी जन्मून तीन दिवससुद्धा न झालेल्या बाळांच्या तोंडात एक चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू यायचा, दुसऱ्या लयीत चोखलं की दुसऱ्याच बाईचा. बाळांनी आईचा आवाज येईल तीच लय धरली. पोटात असताना तोच आवाज महिनोन् महिने कानावर पडला होता ना! म्हणजे आईसुद्धा ओळखीनंच आई होते.

मग पाळणाघरातल्या मावशींचा हिशोब सोपा आहे. आठवड्याचे पाच दिवस, रोजचे आठ-नऊ तास भरवणं, पुसणं, थोपटणं. तुमच्या वाट्याला वर्षभरात आले मोजून बारा-तेरा दिवस, तेही पाहुण्यांनी भरलेल्या घरात. नातीनं त्या बाईंना मिठी मारली यात तुमचा अपमान नाही. ती माणसाला जीव लावते, एवढंच त्यातून दिसतं, आणि एकाला लावता आला की दुसऱ्यालाही लावता येतो. मी स्वतः चोवीस वर्षं राजारामपुरीत पाळणाघर चालवलं. संध्याकाळी आया न्यायला यायच्या आणि पोर माझा पदर सोडायचं नाही. दारात ताटकळलेल्या त्या आयांचे चेहरे तुमचं पत्र वाचताना पुन्हा डोळ्यांपुढे आले. त्यातल्या दोघी-तिघींनी नंतर माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं.

आता गणपतीत हसणारी पोर दिवाळीत का रडली? मधल्या दोन महिन्यांत तिला कुणी काही शिकवलं नाही. (तुम्ही तसं म्हटलं नाहीत, पण "नाशिकची माणसं जरा अलिप्तच" हे वाक्य माझ्या नजरेतून सुटलं नाही.) सहा महिन्यांच्या बाळाला समोर हसरा चेहरा असला की बहुतेक वेळा पुरतं. सात-आठ महिन्यांच्या आसपास बाळ आपली माणसं आणि बाकीची अशी वाटणी करायला लागतं. त्याच सुमाराला त्याला आणखी एक गोष्ट उमगते. चमचा रुमालाखाली झाका. पाच महिन्यांचं बाळ चमचा संपला असं समजून दुसरीकडे बघतं. नऊ-दहा महिन्यांचं रुमाल ओढतं. नजरेआड गेलेली वस्तू कुठेतरी असते, ही समज कशी येत जाते ते स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी स्वतःच्याच मुलांचं निरीक्षण करून मांडलं. चमच्याच्या जागी आई ठेवून बघा. ती दाराबाहेर गेली म्हणजे कुठेतरी आहे, पण इथे नाही, आणि कधी येणार ते कळायला घड्याळाची समज अजून आलेली नाही. रडू नको तर काय करू? हे रडं साधारण वर्ष-दीड वर्षाच्या वयात सगळ्यात जोरात असतं आणि पुढे दोन-तीन वर्षांपर्यंत ओसरत जातं. तुमची नात अगदी भर उन्हाळ्यात आहे म्हणा ना.

आणि सुनेच्या पदराचं म्हणाल तर हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी १९७० च्या दशकात फार निरनिराळ्या ठिकाणच्या मुलांची निरीक्षणं शेजारी-शेजारी ठेवली. कलहारी वाळवंटातले सान लोक, तिथे बाळ दिवसभर आईच्या अंगाला चिकटलेलं. इस्राएलमधले किबुत्झ म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्त्या, तिथे मुलं सामूहिक बालगृहात दाईच्या हाताखाली वाढायची. ग्वाटेमालातली वस्ती आणखी तिसऱ्याच तऱ्हेची. आई निघाली की रडणं सगळीकडे साधारण त्याच वयात चढतं आणि त्याच वयात उतरतं. पदर लांब असो की आखूड.

तुमची पोरं अशी रडली नव्हती, असं लिहिलंयत. वहिनी, ती तुम्हाला सोडून राहिली कधी? घरात सासू, जाऊ, नणंद, सगळ्या रोजच्या. त्यांना अनोळखी माणूस म्हणजे इंजेक्शन देणारे डॉक्टर. त्यांना बघून काय करायची, आठवा.

बोरन्हाणाचं तुम्ही इतकं बारीक लिहिलंय, की सगळं समोर उभं राहिलं. काळं झबलं, कानामागे टोचणारा हलव्याचा मुकुट, पाटावर बसवलेली दहा महिन्यांची पोर. भोवती गल्लीतली पंधरा-वीस पोरं टपून बसलेली. वरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले आणि सगळी एकदम ओरडत तिच्या अंगावर झेपावली. तिनं दोन्ही हात आईकडे केले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "तू बाजूला हो गं, तुला बघून जास्त रडालीय," आणि सुनेला स्वयंपाकघरात पाठवलं. मग पोरीला गप्प करायला या हातातून त्या हातात, त्या हातातून तिसऱ्या. हे सगळं तुमच्याच पत्रातलं आहे. मी फक्त पाटावर बसून बघितलं.

"आईला बघून जास्त रडतंय" हे आपल्या प्रत्येक घरात ऐकू येतं. आई दिसली की रडं मोकळं होतं हे खरं, कारण ऐकणारं माणूस भेटलेलं असतं. पण आईचा उपयोग तेवढाच नसतो. १९८५ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. टेबलाला जाड काच, अर्ध्या काचेखाली लगेच चौकडीचं कापड आणि पुढच्या अर्ध्यात तेच कापड बेताचं खाली उतरलेलं, म्हणजे बाळाला पुढे पायरी खचल्यासारखी दिसते. वर्षाचं बाळ रांगत तिथवर येतं, अडखळतं आणि पलीकडे उभ्या असलेल्या आईच्या तोंडाकडे बघतं. आईनं चेहरा आनंदी ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून आली. आईनं घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही आलं नाही.

वहिनी, नातीच्या दृष्टीनं ती काच म्हणजे तुम्ही. तुमच्याकडे यावं का, हे ती आईच्या तोंडावर वाचते. आणि तुमच्या घरात पाऊल ठेवताना सुनेचं तोंड कसं असतं? तिला जाऊबाईंचा टोमणा आठवत असणार, स्वयंपाकघरातून ऐकलेलं लेकीचं रडणं आठवत असणार. ती रीतीप्रमाणे वाकून नमस्कार करेल, हसेलही, पण खांदे ताठच राहतील. कडेवरच्या पोरीला खांदे कळतात.

म्हणून नातीला वळवायच्या युक्त्या सांगायच्या आधी एक काम सांगते. सुनेला फोन करा, मुलाला नको. म्हणा, "संक्रांतीला तुला आत पाठवलं ते चुकलं, मी जाऊबाईंना तेव्हाच बोलायला पाहिजे होतं." एवढंच वाक्य, त्याला "पण" जोडू नका. मग वही घेऊन बसा आणि विचारा: झोपताना काय लागतं, कानाशी खेळते की अंगठा चोखते, पाण्याला काय म्हणते, रडायला लागली की कशानं थांबते, उजेड चालतो का. तीन पोरं वाढवलेल्या बाईनं हे विचारायचं म्हणजे जड जाईल. पण तुम्ही वाढवलेली पोरं वेगळी होती, हे पोर कसं आहे ते सध्या तिला आणि पाळणाघरातल्या मावशींनाच ठाऊक आहे. जमलं तर मावशींनाही विचारा. तुमच्या मनातली अढी निम्मी तिथेच सुटेल असा माझा अंदाज आहे.

आता नणंदेचा सल्ला. रात्री गाडी काढू नका. यात मी "एका बाजूनं असं, दुसऱ्या बाजूनं तसं" करणार नाही. झोपताना आई होती, उठल्यावर नाही, यातून पोर एवढंच शिकते की डोळा लागला की माणसं जातात. मग ती झोपेला भिते, दिवसा आईची सावली सोडत नाही, आई परत आल्यावर न्हाणीत गेली तरी दार बडवते. तुम्हाला पाच दिवसांत थोडं कमी रडं ऐकायला मिळेल, त्याची फेड सून पुढचे दोन महिने करेल. माझ्या पाळणाघरातही काही बाप मागच्या दारानं पसार व्हायचे. त्यांची पोरं महिनाभर दाराकडे डोळे लावून बसायची, खेळण्याला हातसुद्धा लावायची नाहीत. जी आई तोंडावर सांगून जायची, तिचं पोर भोकाड पसरायचं आणि बहुतेकदा दहा-पंधरा मिनिटांत चिखलात हात घालायचं.

"दोन दिवसांत विसरेल" याची मला जास्त भीती वाटते. लंडनच्या जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या नवरा-बायकोनं आईपासून काही दिवस दुरावलेल्या लहान मुलांवर आयुष्य घालवलं. दवाखान्यात एकट्या ठेवलेल्या मुलांचं रडणं थांबलं की तिथले लोक म्हणायचे, रुळलं. रॉबर्टसननी दाखवलं की ते बऱ्याचदा रुळणं नसतंच. पोर आधी आकांत करतं, मग आशा सोडतं, मग कुणाचीच गरज नसल्यासारखं वागायला लागतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी सतरा महिन्यांच्या दोन मुलांची नोंद ठेवली. दोघांच्याही आया बाळंतपणासाठी गेलेल्या. एक मुलगा नऊ दिवस बालगृहात राहिला. तिथल्या बायका चांगल्या होत्या, पण पाळ्या बदलायच्या. तो एकीला धरायला जायचा, ती पाळी संपवून जायची. शेवटी आई न्यायला आली तर त्यानं तिच्याकडे पाठ केली. दुसरी मुलगी दहा दिवस खुद्द जॉइसबाईंच्या घरी राहिली. बाईंनी आधीच तिच्याशी ओळख केली होती. तिचं खाणं-झोपणं विचारून घेतलं होतं, आईचा फोटो आणि घरच्या ओळखीच्या वस्तू जवळ ठेवल्या होत्या, बाप येऊन भेटत होता. तीही कासावीस झाली, पण मोडली नाही. दोघांच्यात फरक कशाचा, ते तुम्ही ओळखलंच असेल.

तर पाच दिवस कसे काढायचे? मला विचाराल तर तुम्हीच पुण्याला जा. सून निघायच्या पाच-सहा दिवस आधी. कोल्हापुरात आणली तर पोरीचं घर, पाळणा, खिडकीतला उजेड, पाळणाघर आणि आई, सगळं एका दिवसात जातं. पुण्यात फक्त आई जाते. दिवसा मावशी त्याच, रात्री बाबा घरात, त्याची दोन दिवसांची रजाही मग अडीअडचणीला हाताशी उरते. तुम्ही संध्याकाळी पाळणाघरातून आणायचं, खिमट भरवायचं, बाबा येईपर्यंत खेळायचं.

यावर तुमची अडचण तुम्हीच लिहिली आहे: "पुण्याच्या फ्लॅटात कोंडल्यासारखं होतं, गॅसचा लायटर कुठंय तेसुद्धा विचारावं लागतं." वहिनी, नातीला शिवाजी पेठेत अगदी हेच होतं. तिला तर विचारायला शब्दही नाहीत. यजमानांच्या जेवणाचं म्हणाल, तर दहा दिवस धाकटी सून आहे, नाहीतर डबा आहे. आपल्या पेठांत डब्याला तोटा नाही.

पुणं अगदीच जमत नसेल तर दुसरी वाट. सुनेला आणि नातीला आठ-दहा दिवस आधी कोल्हापुरात बोलवा. हल्ली घरून काम करता येतं, सुनेनं ऑफिसात विचारून बघावं. पहिले दोन-तीन दिवस तुम्ही फक्त आसपास राहा. मग सून जवळ बसलेली असताना तुम्ही भरवा. मग सुनेनं सांगून अर्धा तास महाद्वार रोडला जाऊन यावं, दुसऱ्या दिवशी दोन तास. एखाद्या दुपारी तुम्ही झोपवा. हे पार पडलं तरच बंगळूरची गाडी, तीही दिवसाढवळ्या, पोरीचं पोट भरलेलं असताना. पापी, टाटा, "आई येणार", आणि चालू लागायचं. दारात परत-परत वळून बघणाऱ्या आईनं पोरीचं अवघड होतं. मुलाची दोन दिवसांची रजा या वाटेत पहिल्या दोन दिवसांना लावा.

तिसरी वाट म्हणजे सुनेनं ट्रेनिंग रद्द करायचं. तुमच्या घरात हे अजून कुणी बोललं नसेल तर बोलू नका. पाच दिवस आई नसण्यानं पोरीचं काही बिघडत नाही, अट एवढीच की ज्याच्याकडे ठेवलं ते माणूस तिचं झालेलं असावं.

भेट मग पुण्यात होवो की कोल्हापुरात, पहिला तास महत्त्वाचा. दारात "आली माझी सोनुली" म्हणत हात पसरू नका. तिच्याकडे बघूसुद्धा नका, सुनेशी बोला. जमिनीवर बसा. उभं माणूस तेरा महिन्यांच्या पोरीला आभाळाएवढं दिसतं. आणि हाताला काहीतरी काम असू द्या. माझ्याकडे एक मुलगा आला होता, पंधरा महिन्यांचा, चार दिवस दरवाज्याच्या कडीला धरून उभा. पाचव्या दिवशी मी त्याच्याकडे पाठ करून मेथी निवडायला बसले. पानं परातीत, काड्या पेपरावर. बऱ्याच वेळानं माझ्या कोपरामागून एक मूठ आली आणि एक काडी परातीत टाकली. मी काही बोलले नाही, काडी उचलून पेपरावर ठेवली. त्यानं परत परातीत टाकली. असं आठ-दहा वेळा झालं आणि मग तो खदखदून हसला. त्या दिवशीची भाजी काड्यांसकट झाली. या वयाच्या पोरांना देणं-घेणं फार आवडतं. ती वस्तू देते, तुम्ही "घे" म्हणत परत देता. तिच्या लेखी हीच ओळखपाळख. तोंडावर पदर घेऊन "बुवा… कुक" करा. गेलेलं माणूस परत येतं, हा धडा त्यातच आहे. कडेवर कधी घ्यायचं ते तिला ठरवू द्या, ती हात वर करेल. (शेंगा मात्र फोडत बसू नका, शेंगदाणा या वयात घशात अडकतो.)

मोबाइलवर पापी देणारी पोर समोर का रडते, याचं तुम्हाला कोडं पडलंय. मोबाइलमधली आजी चार बोटांची असते, तिला वास नाही, ती उचलून घेत नाही, नको झाली की आई ती बंद करते. समोरची आजी दारभर असते. व्हिडिओ कॉल सोडू नका मात्र. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना पडदा नको म्हणताना व्हिडिओ कॉलला तेवढी सूट दिली होती. आता महिनाभर कॉलवर रोज एकच खेळ खेळा: तीच लाल वाटी, तेच "बुवा… कुक". पुण्याला जाताना ती वाटी पिशवीत टाका. ट्रेनिंगच्या दिवसांत आईचा कॉल लावायचा तर पोरगी खेळात असताना, थोडक्यात. झोपायच्या वेळी नको. बघून जास्त कासावीस होते असं दिसलं तर एखादा दिवस गाळा.

दोषाचं विचारलंत. तुमच्याच पत्रातून सांगते: टाटा करते, बूट उचलून दाखवते, आपल्या माणसाला मिठी मारते, नवं माणूस आलं की आईकडे बघते. हे सगळं या वयात व्हायला हवं तेच आहे. काही मुलं स्वभावानंच सावकाश उमलतात. न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस या दांपत्यानं १९५६ पासून वर्षानुवर्षं मुलं बघितली, त्यांना शंभरातली साधारण १५ अशी आढळली. त्यांना वेळ दिला की ती येतात, ढकललं की आणखी मागे सरतात. इतर वाचकांसाठी सांगते, रडकं पोर हे काळजीचं कारण नव्हे. वर्ष उलटल्यावरही हाक मारली तर बघत नाही, नजर देत नाही, टाटा किंवा बोटानं दाखवणं सव्वा-दीड वर्षापर्यंत येतच नाही, आपलं माणूस आणि परकं यात त्याला फरकच नाही, किंवा आधी येत असलेलं काही गेलं, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाचा बालरोग विभाग आहे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तिथेही दाखवता येतं.

एक आगाऊ सूचना: पाच दिवस संपवून सून घरी येईल तेव्हा पोरगी कदाचित तिच्याकडे झेपावणार नाही. तोंड फिरवेल, तुमच्या खांद्यात डोकं खुपसेल. त्या क्षणी तुम्हाला आत कुठेतरी बरं वाटेल. वाटू द्या, मला कितीदा वाटलंय. पण "बघ, आता माझीच झाली" हे चेष्टेतसुद्धा बोलू नका. ती रुसलीय. दोघींना एका खोलीत सोडा आणि चहा टाकायला जा.

जावळ पुढे ढकला. आई गावाला, डोक्याशी परका माणूस वस्तरा घेऊन, भोवती गुलाल आणि चांगभलं, एवढं एका पोरीनं एका आठवड्यात सोसायचं म्हणजे फार झालं. जोतिबा कुठे जात नाही. दिवाळीच्या तेलाचंही तसंच. या वेळी वाटी तिच्या हातात द्या, आधी तिला तुमच्या हाताला तेल फासू द्या. फरशी पुसावी लागेल.

आणि ती वाकळ. तुमच्या जुन्या साड्यांची शिवून डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवलीय, नात आली की देणार म्हणून. आजच काढा. धुऊन आणि उन्हात टाकून गोळ्यांचा वास पुरता घालवा, मग आठ दिवस स्वतः पांघरून झोपा. तशीच, पुन्हा न धुता, पुण्याला पाठवून द्या.